राम-श्याम गुणगान : दोन कंठांचा एक षड्ज

चैत्र शुद्ध नवमीला सूर्य माथ्यावर येतो, कीर्तनकार पाळण्याची दोरी यजमानाच्या हाती देतो, गुलाल उधळला जातो, सुंठवडा वाटला जातो आणि भाविक मंडळी तृप्त मनाने घरोघर परततात. ज्याचा जन्म आपण साजरा केला त्याची कथा प्रथम कोणी गाइली, हा प्रश्न त्या घाईत सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्याचे उत्तर मात्र मोठे गोड आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातील चौथा सर्ग उघडून पाहावा. काव्य पूर्ण झाले आहे आणि आता ते जगापुढे कोण गाणार, या चिंतेत महर्षी बसले आहेत. तोच मुनिवेषातील कुश आणि लव येऊन त्यांचे चरण धरतात. दोघे बंधू, दोघेही मधुर कंठाचे, दोघेही गांधर्वविद्येतील स्थाने आणि मूर्च्छना जाणणारे. महर्षींनी त्यांतील एकाला निवडून दुसऱ्याला मागे ठेवले नाही. दोघांना मिळून शिकविले. रामकथा लोकांच्या कानी पडली ती मुळी दोन कंठांच्या संगतीने.

ऋषींच्या सभेत ते गायन झाले तेव्हा ऋषींचे डोळे पाणावले. कोणी कलश दिला, कोणी वल्कल दिले. पुढे उत्तरकांडात, अश्वमेधाच्या प्रसंगी, प्रत्यक्ष रामापुढे गायन झाले. रामाने प्रत्येकास अठरा हजार सुवर्णनाणी देण्याची आज्ञा केली आणि त्या मुलांनी ती नाकारली. वनात राहणाऱ्यांना सोने काय कामाचे, असे म्हणाले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्याला तर कुशलवांचा आणखी एक ऋणानुबंध आहे. ‘उत्तररामचरित’ या नाटकात या दोघा बंधूंना रंगभूमीवर आणणारा महाकवी भवभूती आपले गाव विदर्भातील पद्मपूर असे सांगतो, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे प्रतिपादन केले. आठव्या शतकातील या कवीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत, म्हणजे देवाच्या उत्सवाला जमलेल्या लोकांपुढे, होत असत. उत्सव, कथा आणि गायन ही आपल्या मातीत अशी एकत्र नांदत आली आहेत.

कुशलवांची आठवण मला दर रामनवमीला होते, आणि तिला अगदी लागूनच एका ध्वनिमुद्रिकेची आठवण येते. १९८५ साली ‘राम श्याम गुणगान’ या नावाने पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांनी गाइलेली हिंदी भजने प्रसिद्ध झाली. शब्द पंडित नरेंद्र शर्मा यांचे, स्वररचना श्रीनिवास खळे यांची. त्या चौघांपैकी आज कोणीही आपल्यात नाही. नरेंद्र शर्मा १९८९ मध्ये गेले. भीमसेनजी आणि खळे हे दोघेही २०११ मध्ये. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत लतादीदी. परंतु त्या ध्वनिमुद्रिकेची पहिली वार्ता वाचली तेव्हा आमच्यासारख्यांची जी अवस्था झाली, ती मात्र चाळीस वर्षांनंतरही माझ्या मनात ताजी आहे.

त्या वेळी मी पंचविशीच्या आसपास होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. सकाळी संस्कृतचे पाठ घ्यावेत आणि उत्सवाच्या दिवसांत एका वयोवृद्ध कीर्तनकार बुवांच्या मागे झांजा घेऊन उभे राहावे, असा माझा क्रम होता. गावात गाणे ऐकावयाचे म्हणजे रेडिओ. आणि रेडिओवर ज्यांच्यासाठी पानावरूनही उठावे असे माझे दोन आवाज होते. एक भीमसेनजींचा. त्यांच्या अभंगांनी ज्ञानोबा-तुकोबांना शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत आणून बसविले. ज्याला ख्याल म्हणजे काय हे ठाऊक नाही असा धानाचा बांध घालणारा माणूससुद्धा त्यांची तान आली की कुदळ थांबवी. दुसरा आवाज लतादीदींचा. आणि तो चित्रपटातील नव्हे. ज्ञानेश्वरमाउलींच्या रचना, तुकोबांचे अभंग, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेला भगवद्गीतेचा बारावा आणि पंधरावा अध्याय. संस्कृत शिकविणाऱ्या माणसाला उच्चारांची फार चिकित्सा असते. गीतेचे ते अध्याय मी विद्यार्थ्यांना पाठ म्हणून ऐकवीत असे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

हे दोन आवाज माझ्या मनाच्या देव्हाऱ्यात दोन वेगळ्या कोनाड्यांत बसलेले होते. दोघांना एका आसनावर बसवावे, ही कल्पनाही मनाला कधी शिवली नव्हती. एक मैफलीचा राजा, रात्र रात्र एका रागाची आळवणी करणारा. दुसरीने तीन-साडेतीन मिनिटांत अवघे विश्व उभे करावे. आणि एके दिवशी नागपूरच्या वृत्तपत्रात चार ओळींची वार्ता आली की, हे दोघे मिळून रामाचे आणि श्यामाचे गुण गाणार आहेत, चाली खळ्यांच्या आहेत. मी ती वार्ता कात्रीने कापून अमरकोशात ठेवली. त्या दिवशी पाठशाळेत रघुवंशाचा कोणता श्लोक शिकविला हे मला सायंकाळी आठवेना.

खळ्यांचे नाव वाचून जीव विशेष निश्चिंत झाला, त्याला कारण होते. लतादीदींच्या कंठातून तुकोबांचे अभंग उतरले ते खळ्यांच्या चालींवर; आणि भीमसेनजींच्या ‘अभंगवाणी’तील कित्येक अभंगांना चाली दिल्या त्याही खळ्यांनीच. म्हणजे हे दोन्ही वाडे त्यांनी आतून पाहिलेले होते. कोणत्या खोलीचे दार कोठे उघडते हे त्यांना ठाऊक होते. दोन मोठ्या माणसांची गाठ घालून द्यावयाची तर मध्यस्थ असा हवा, ज्याचा दोन्ही घरी सारखा मान आहे आणि ज्याला स्वतःचा मान मिरवावयाचा नाही. पंडित नरेंद्र शर्मा यांचीही गोष्ट तशीच. ‘भाभी की चूडियाँ’ (१९६१) या चित्रपटातील लतादीदींनी गाइलेले प्रभातगीत त्यांच्याच लेखणीतून आलेले; लतादीदी त्यांना पित्याच्या ठिकाणी मानीत. आकाशवाणीची विविध भारती १९५७ साली सुरू झाली तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. आम्ही खेड्यातली माणसे ज्या रेडिओला कान लावून बसत होतो, त्याच्या मागे हा कवी उभा होता.

मग सुरू झाली ती प्रतीक्षा. आमगावहून गोंदियाला पॅसेंजर गाडीने जावयाचे, बाजारातील ध्वनिमुद्रिकांच्या दुकानी उभे राहावयाचे आणि परत फिरावयाचे, असे तीनदा झाले. दुकानदार शेवटी मला पाहताच हात जोडून म्हणू लागला, “महाराज, माल अभी नहीं आया.” गोंदियाच्या बाजाराची भाषा ही अशी, मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी यांचा काला. चौथ्या खेपेस त्याने काही न बोलता मुद्रिका काढून फळीवर ठेवली. ती छातीशी धरून मी गाडीत बसलो, आणि मग ध्यानात आले की आपल्याकडे ती वाजवावयाचे यंत्रच नाही! गावातील एका राईस मिलच्या मालकांकडे ते होते. त्यांनी मोठ्या मनाने ओसरी मोकळी करून दिली. बातमी फुटली होती. बायका-मुलांसह पन्नास माणसे तरी जमली असावीत.

आमचे बुवाही आले. पण ते पाठ फिरवून खांबाला टेकून बसले. त्यांचा आक्षेप येण्याआधीच मला ऐकावा लागला होता. “बाबू, देवाचं नाव तबकडीवर घालून दुकानात मांडलं. आता उरलं काय? कंपनीला पैसा पाहिजे म्हणून दोन नामवंत एकत्र आणले. याला भजन म्हणतोस तू?”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता आणि आजही नाही. नामवंतांची जोडी जमविली की माल दुप्पट खपतो, हे व्यापारातले साधे गणित आहे. जोडी जमली म्हणजे संगत जमली असे मुळीच नाही. मी बुवांना कुशलवांची गोष्ट सांगितली. ऋषींनी दिलेले कलश आणि वल्कल त्यांनी घेतले. राजाने देऊ केलेले सोने घेतले नाही. म्हणजे गायकाने काही घेऊच नये असा दंडक आदिकवीने घातलेला नाही. तुम्हीही बिदागी घेता, मीही घेतो. बिदागी घेऊन कीर्तन कमी प्रतीचे होत नाही. ते कमी प्रतीचे होते ते बिदागीकडे डोळा ठेवून आख्यान लांबविल्याने. तेव्हा या दोघांचा डोळा कोठे आहे, ते कानांनीच ठरवावे लागेल. बुवा म्हणाले, “ठरव.” आणि पाठ फिरवूनच बसून राहिले.

यंत्राची सुई टेकली. आता त्या गायनाचे वर्णन शब्दांत किती करावे? रामाचे गुण गाण्यास बोलावणारे एक गीत आणि मुरलीचे एक गीत, ही दोन दोघांनी मिळून गाइली आहेत, आणि माझ्या दृष्टीने सगळे सार त्यांतच आहे. भीमसेनजींचा आवाज ऐकताना पुष्कळदा असे वाटते की हा माणूस आता भिंत पाडून पलीकडे जाणार. तोच आवाज येथे अंगणात खेळणाऱ्या नातवंडाकडे वाकून पाहणाऱ्या आजोबांसारखा वाकला आहे. ताकद कमी झालेली नाही. ती आवरून धरली आहे. आणि लतादीदींचा स्वर, जो चित्रपटगीतात बहुधा एकटाच आकाशात तरंगतो, तो येथे जमिनीवर पाय टेकवून, शेजारच्या स्वराचे वजन ओळखून चालतो. आमच्या पखवाजाला डाव्या तोंडावर कणीक थापतात आणि उजव्यावर शाई असते. एक बाजू भारदस्त, दुसरी टणक आणि तेजस्वी. दोन्ही तोंडे एकाच लाकडाची, आणि मध्ये पोकळी नसेल तर दोन्ही मुकी. त्या दिवशी मला त्या पोकळीचा अर्थ प्रथम कळला.

पहिले गीत संपले. ओसरीत कोणी बोलेना. बुवांनी खांबाला टेकलेले डोके न वळविता विचारले, “पट्टी कोणाची रे? त्यांची, का तिची?”

ज्यांनी भजनात कधी पेटी धरली आहे त्यांना या प्रश्नाचे मोल समजेल; इतरांसाठी थोडे विवरण करतो. पुरुषाचा षड्ज साधारणपणे काळी एक ते काळी दोनच्या आसपास असतो. स्त्रीचा काळी चार, काळी पाचच्या जवळ. म्हणजे पुरुषाचा जेथे पंचम, तेथे स्त्रीचा षड्ज. दोघांनी एकाच चालीत गावयाचे ठरविले की अडचण उभी राहते. पुरुषाच्या पट्टीत गावे तर स्त्रीला खर्जात उतरावे लागते आणि तिचा आवाज विझतो. तिच्या पट्टीत गावे तर पुरुषाला तारसप्तकात ओढून न्यावे लागते आणि त्याचा आवाज फाटतो. तेव्हा चाल बांधणाऱ्याने असा मार्ग काढावा लागतो की, ज्या ओळीत एकाचा आवाज फुलतो ती ओळ त्याला, जिच्यात दुसऱ्याचा फुलतो ती दुसऱ्याला. आणि दोघे जेथे एकत्र येतील तेथे कोणाचीही फरफट होऊ नये. हे काम हिशेबाचे आहे आणि हिशेब दिसता कामा नये. पंडित जसराजांनी या अडचणीवर पुढे एक वेगळाच तोडगा योजिला. मूर्च्छनेच्या तत्त्वावर गायक आणि गायिका आपापल्या षड्जात राहून दोन निराळे राग एकाच वेळी गातात. त्या जुगलबंदीला ‘जसरंगी’ असे नाव पडले. आदिकवीने कुशलवांना मूर्च्छनांचे जाणकार का म्हटले असेल, याचा विचार अशा वेळी मनात येतो.

दोन मोठ्या कलावंतांचे एकत्र येणे ही काही नवलाची बाब नव्हे. १९६७ मध्ये पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची एकत्रित ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिने पाश्चात्त्य जगात मोठे कौतुक मिळविले. त्याच साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी संतूर, बासरी आणि गिटार यांतून काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस उभा केला. पण या वाद्यांच्या भेटी. दोन कंठांच्या भेटीत अहंकार अधिक उघडा पडतो, कारण तेथे हातात लपावयाला वाद्य नसते. भीमसेनजींच्याच बाबतीत पाहा. १९५६ च्या ‘बसंत बहार’ चित्रपटात त्यांनी मन्ना डे यांच्याबरोबर गाइले. कथा अशी की, दरबारातील स्पर्धेत नायक जिंकतो आणि नायकाला आवाज मन्ना डे यांचा. म्हणजे भीमसेनांनी गाऊन हरावयाचे! मन्ना डे यांचाच धीर होईना. भीमसेनांनी मात्र ते मनापासून गाइले. जो हरावयाला तयार आहे त्यालाच दुसऱ्याच्या शेजारी बसून गाता येते. १९८५ ची ही जोडी जमली तिचे बीज मला त्या पराभवात दिसते.

आणखी एक धागा असा की, भीमसेनजी स्वतः एका ध्वनिमुद्रिकेनेच घराबाहेर ओढले गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी त्यांनी लहानपणी ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात गदगचे घर सोडले. शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी त्यांना विद्या मिळाली. तेव्हा तबकडीवर घातलेले गाणे निर्जीव होते, असे बुवा म्हणोत. मला ते तेव्हाही मान्य नव्हते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे, हा क्रम भागवतकारांनी उगाच लावलेला नाही. आपल्या साहित्यशास्त्रात रसिकाला ‘सहृदय’ म्हणतात. ज्याचे हृदय कवीच्या हृदयाबरोबरीने हालते तो. भवभूती तर त्याहून पुढे गेला. त्याने आपली आशा ‘समानधर्मा’वर ठेवली, जो केव्हातरी, कोठेतरी जन्मास येईल. पदमपूरच्या कवीची ती आशा आठवली की, तीन वेळा रिकाम्या हाताने गोंदियाहून परतणारा तो तरुण मला हास्यास्पद वाटत नाही.

या मुद्रिकेची भाषा हिंदी, याबद्दलही त्या काळी कुजबुज झाली. मराठी माणसाने मराठीतच रामाला आळवावे, असे काही मंडळींचे म्हणणे. गीतरामायण आपल्याकडे असताना हिंदीत कशाला जावे? गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि छप्पन्न गीतांनी वर्षभर महाराष्ट्र न्हाऊन निघाला, हे खरेच आहे. त्याचाही आरंभ कुशलवांच्या गायनानेच होतो. पण आमच्या सीमेवरच्या जिल्ह्यात हा भाषेचा प्रश्न कधी मुळी रुजलाच नाही. येथे एकाच आळीत एका घरी मनाचे श्लोक म्हटले जातात आणि शेजारच्या घरी रामचरितमानसाचा पाठ चालतो. सून बालाघाटकडची आणि सासू साकोलीची असते. कन्नड मातृभाषेचा गायक, मराठी घरातली गायिका, मराठी संगीतकार आणि हिंदीचा कवी, अशी ही मंडळी. पोवारी बोलणाऱ्या आमच्या शेजारच्या आजीबाईंनी त्या ओसरीत बसून मुरलीचे गीत ऐकले आणि दुसऱ्या दिवशी कांडप करताना त्या ते गुणगुणत होत्या. कोणत्या भाषेचे आहे, हे त्यांनी विचारले नाही.

१९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर देशातील अनेक भाषांचे स्वर एकत्र गुंफणारे गीत लागले. आरंभी भीमसेनजी आणि पुढे शेवटाकडे लतादीदी. साऱ्या देशाने ते नवलाने पाहिले. आमच्या गावातील मंडळी मात्र एकमेकांना सांगत होती की, हे दोघे आपल्याकडे तीन वर्षांपूर्वीच एकत्र येऊन गेले!

बुवांनी आपला आक्षेप अखेरपर्यंत मागे घेतला नाही. मुद्रिका म्हणजे देवळाबाहेरचे गाणे, हे त्यांचे मत कायम राहिले. पण त्यानंतरच्या रामनवमीला त्यांनी एक बदल केला. तोवर आमच्या देवळात पुरुषांचे भजनी मंडळ सकाळी आणि महिलांचे सायंकाळी बसत असे. दोन्ही एकत्र कधी नाही. कारण विचारावे तर पट्टी जुळत नाही, एवढेच उत्तर. त्या वर्षी बुवांनी जन्माच्या कीर्तनाआधी दोन्ही मंडळांना एकत्र बसविले आणि ओळी वाटून दिल्या. ही तुमची, ही त्यांची, आणि हे ध्रुपद सगळ्यांचे. खळ्यांचे नाव त्यांनी घेतले नाही. मीही काढले नाही.

ती प्रथा अद्याप चालू आहे. मधल्या काळात ती दोनदा मोडली होती. एकदा पेटी कोणी धरावयाची यावरून आणि एकदा ध्वनिक्षेपक कोणाच्या बाजूला यावरून. आता झांजा घेऊन मागे उभे राहण्याचे दिवस संपले, कीर्तनाला मीच उभा राहतो. तेव्हा असे वाद माझ्याकडे येतात. यंदाच्या नवमीसाठी गेल्या आठवड्यात बैठक झाली. महिला मंडळाने काळी तीन मागितली, पुरुषांनी काळी एक सोडण्यास नकार दिला. पुष्कळ वेळ गेला. शेवटी महिला मंडळाच्या अध्यक्षबाई उठल्या, त्यांनी पेटी पुढे ओढली, काळी दोनवर बोट ठेवले आणि पुरुषांच्या बाजूला पाहत म्हणाल्या, “महाराज, तुम्ही अर्धी पायरी चढा, आम्ही अर्धी उतरतो.” ध्रुपद काळी दोनमध्ये होणार आहे. सरावाला रोज रात्री आठ वाजता देवळाच्या सभामंडपात यावे, असे दोन्ही मंडळांना कळविले आहे.